ध्रुवावर दुर्बीण असते तशी ती चालवणारी माणसंपण असतात

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणींचा लेख आला होता, फोटो एक नंबर, आमच्या पोरांनी तर लगेच स्टेटसला ठेवले. पण एक गोष्ट खटकली म्हणून लिहितोय. अख्खा लेख ब्लॅक होल आणि विश्वाचा जन्म ह्याच्यावर, आणि तिथला माणूस दिवसभर हाताने काय काम करतो त्यावर एक ओळ नाही. आमचं उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे, त्यामुळं असेल, पण एवढी मोठी थाळी उणे साठ डिग्रीत फिरवायची म्हटल्यावर मला आधी तिचं बेअरिंग आठवतं. त्या थंडीत साधं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं, केबल वाकवली की तुकडा पडतो. हे सगळं कोण सांभाळतं?

तर मी वाचलेलं सांगतो. तिथं अमेरिकेचं अमुंडसेन-स्कॉट स्टेशन आहे, उंची २८३५ मीटर, म्हणजे पन्हाळ्याच्या जवळजवळ तिप्पट, आणि त्यातला बहुतेक सगळा नुसता बर्फच. हवा विरळ, नवीन माणसाला जिना चढताना दम लागतो. सूर्य मार्चमध्ये मावळला की डायरेक्ट सप्टेंबरमध्ये उगवतो. फेब्रुवारीच्या मध्याला शेवटचं विमान गेलं की पुढं ऑक्टोबर संपेपर्यंत सहसा कुणी येत नाही कुणी जात नाही, चाळीस-पंचेचाळीस माणसं काय ती तिथं, आणि त्यात दुर्बिणीवाले किती, तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. दहा मीटर व्यासाच्या त्या मोठ्या दुर्बिणीला हिवाळाभर दोन माणसं असतात. बाकी सगळे जनरेटरचा मेकॅनिक, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, आचारी, डॉक्टर असे लोक. लेखात ह्यांचा पत्ताच नाही.

आणि ते दोन शास्त्रज्ञ तरी दुर्बिणीला डोळा लावून बसतात असं समजू नका. स्टेशनपासून साधारण एक किलोमीटर अंधारात चालत जायचं, वाट चुकू नये म्हणून बांबूला झेंडे लावलेले, आकाशाचे फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांना त्रास नको म्हणून पांढरा टॉर्च चालत नाही, लाल दिवा घेऊन जायचं. तिथं गेल्यावर बर्फ झाडा, ग्रीसिंग करा, ड्राईव्ह चेक करा, हेलियमचा फ्रीज बघा. ह्या फ्रीजची गंमत वाटली मला, बाहेर एवढी थंडी असून ती पुरत नाही, आतला डिटेक्टर उणे २७३ च्या अगदी जवळ न्यावा लागतो, तरच विश्वाच्या सुरुवातीपासून आकाशात उरलेली ती बारीक ऊब पकडता येते. ध्रुवच का, तर तिथली हवा कोरडी, आणि हवेतलं बाष्प हे सिग्नल खाऊन टाकतं (आपल्याकडं जुलैत लावली असती तर काय दिसलं असतं ते सांगायला नको).

मला सगळ्यात भारी वाटलं ते आईसक्यूब, म्हणजे न्यूट्रिनो नावाचे अतिबारीक कण पकडणारी, बर्फात पुरलेली दुर्बीण. गरम पाण्यानं बर्फात ८६ भोकं पाडली, खोली जवळपास अडीच किलोमीटर, आणि त्यात ५१६० सेन्सर सोडले. २०१० च्या डिसेंबरात काम संपलं. आता विचार करा, पाणी परत गोठलं की विषय संपला, सेन्सर वर काढून दुरुस्त करायची सोयच नाही, आणि तरी त्यातले बहुतेक अजून चालू आहेत. आमच्याकडं एक जॉब रिजेक्ट होऊन परत आला की आठवडाभर कटकट असते, इथं रिजेक्शनला जागाच नाही. क्वालिटी म्हणतात ती ही.

राहायचं म्हणाल तर अंघोळ आठवड्याला दोनदा, तीपण दोन-दोन मिनिटं, कारण पाणी बर्फ वितळवून करावं लागतं. पंचगंगेच्या काठच्या माणसाला हे जमणं अवघड! स्वयंपाकघरात भांडी घासायची पाळी शास्त्रज्ञालापण येते, आणि आग लागली तर बाहेरून बंब येणार नाही म्हणून आग विझवायच्या टीममध्येपण हेच लोक. इंटरनेट दिवसातले काही तासच, त्यामुळं २०१७ च्या एप्रिलमध्ये आपल्या आकाशगंगेच्या मधल्या ब्लॅक होलसाठी तिथं जो डेटा घेतला, तो सॅटेलाईटवरून जाण्यासारखा नव्हता, हार्डडिस्क पूर्ण हिवाळा तिथंच पडून आणि अमेरिकेत पोचल्या डिसेंबरमध्ये. तो फोटो जगानं बघितला मे २०२२ ला.

आता मुद्द्याचं. जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मले ह्याचा आपल्याला अभिमान आहे, असायलाच पाहिजे. पण प्रत्येक पोरगा नारळीकर होणार नाही, फिटर होईल, वेल्डर होईल. ध्रुवावर आपलं स्टेशन नसलं तरी अंटार्क्टिकावर भारताची मैत्री आणि भारती आहेत, ते बघणारं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आपल्या शेजारी गोव्यात वास्कोला आहे, आणि मोहिमेसाठी ते वाहन मेकॅनिक, वेल्डर, बॉयलर ऑपरेटर, क्रेन ऑपरेटर, सुतार, आचारी असे लोक काँट्रॅक्टवर घेतात. आयटीआयच्या पोरांना विचारून बघा, कुणाला माहीत नसतं. जायचं म्हणजे सोपं नाही, कडक मेडिकल असते, आणि घरी काही झालं तरी हिवाळ्यात परत येता येत नाही, तेपण पोरांना आधीच सांगायला पाहिजे, नुसती हवा करून उपयोग नाही.

तर विनंती एवढीच की ही भरतीची जाहिरात निघेल तेव्हा तुमच्या नोकरीच्या पानावर मराठीत, वयाची अट आणि शेवटची तारीख घालून छापा. आणि आपल्या भागातला कुणी मेकॅनिक किंवा आचारी तिकडं जाऊन आला असेल तर त्याची मुलाखत घ्या, फोटो थोडे कमी चालतील.

आपला,
एक मशीन शॉपवाला वाचक
उद्यमनगर, कोल्हापूर