नोवोलिपकी ६८

प्रिय समीर,
सप्रेम नमस्कार.

एप्रिलात तुला वॉर्सामध्ये तीन दिवस मिळताहेत आणि त्यातला एक नेमका १९ तारखेचा आहे, हे वाचून फार बरं वाटलं. घेटोतल्या, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या, १९ एप्रिल १९४३ ला सुरू झालेल्या उठावाची जागा कुठे पाहायची, असं विचारलंयस. बहुतेक जण मिवा रस्त्यावरच्या १८ नंबरला जातात; आपल्याकडे त्याला ‘मिला १८’ म्हणतात. तूही जाशीलच. पण माझं ऐक, सुरुवात तिथून करू नकोस. आधी त्वोमात्स्क्ये ३/५ या पत्त्यावर जा.

तिथे ज्यू इतिहास संस्था आहे. युद्धाआधी ही इमारत ज्यू ग्रंथालयाची होती आणि शेजारी शहरातलं सगळ्यात मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, उभं होतं. १६ मे १९४३ रोजी नाझींच्या एसएस दलाचा अधिकारी यूर्गन श्ट्रोपने ते सुरुंग लावून उडवलं आणि उठाव मोडल्याचं वर कळवलं. त्या स्फोटाची आग ग्रंथालयातही शिरली. दारातून आत गेलास की आधी खाली बघ. प्रवेशदालनाच्या फरशीवर जळल्याचे डाग आणि तडे आजही तसेच राखले आहेत.

आता वरच्या प्रदर्शनात जा. तिथे दुधाचा एक कॅन आहे. दूध संघाच्या टेम्पोवर चढवतात ना, तसला, फक्त मातीत राहून रंग गेलेला. उठावातली सगळ्यात मोठी वस्तू कोणती असं मला कुणी विचारलं, तर मी पिस्तुलाच्या आधी या कॅनकडे बोट दाखवीन. का, ते सविस्तर लिहितो.

नोव्हेंबर १९४० मध्ये घेटोला कुलूप लागलं. सुमारे तीन मीटर उंचीची भिंत, आत चार लाखांवर माणसं, म्हणजे शहराची जवळपास ३० टक्के वस्ती, आणि जागा शहराच्या अडीच टक्केही नाही. त्याच महिन्यात इमॅन्युएल रिंगेलब्लूम या इतिहासकाराने काही सहकारी जमवले. ते शनिवारी दुपारी भेटत, म्हणून गटाचं नाव ‘ओनेग शब्बात’, म्हणजे शब्बाताचा, ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, आनंद. ऐकणाऱ्याला वाटावं, धार्मिक बैठक चालली आहे. प्रत्यक्षात तिथे पुढच्या आठवड्याचं काम वाटून दिलं जाई.

कामाची पद्धत बघण्यासारखी आहे. आधी विषय ठरे: निर्वासितांची वसतिगृहं, चोरटी आयात, मुलांचं शिक्षण, एकेका गावातून हाकललेल्यांची हकिकत. मग त्या विषयाची प्रश्नावली तयार होई. ती घेऊन शिक्षक, पत्रकार, रब्बी (ज्यू धर्मगुरू), अर्थशास्त्रज्ञ लोकांमध्ये जात आणि ऐकून, बोलून घरी येऊन लिहीत. मग त्या मजकुराच्या नकला होत, कारण एक प्रत जळाली तर दुसरी राहावी. नकला काही हाताने, काही टाइपरायटरवर, यिडिश, पोलिश आणि हिब्रू या तिन्ही भाषांत. सोबत वस्तूही जमवल्या जात. रेशनकार्ड, ट्रामची तिकिटं, खाऊच्या गोळ्यांची वेष्टनं, नाटकांच्या जाहिराती, भिंतीवरची फर्मानं. एका दाराआड कितीतरी कुटुंबं राहायची, म्हणून कुणाला भेटायचं तर घंटा किती वेळा वाजवायची याच्या सूचना दारावर लावलेल्या असत. त्याही त्यांनी जपल्या. एरवी कचऱ्यात जाणारा हा कागद. पण घेटोत एका खोलीत किती माणसं कोंबली होती, हे त्याच्याइतकं नेमकं दुसरं काही सांगत नाही.

या गटातल्या राखेल आउएरबाख लेश्नो रस्त्यावर ४० नंबरला गरिबांसाठी सूपगृह चालवत. दुपारी पळी, रात्री लेखणी. उपासमार आणि रोगराईने १९४२ च्या मध्यापर्यंत सुमारे ८३,००० माणसं घेटोच्या आतच गेली. ज्यांच्याबद्दल लिहायचं, तीच माणसं रोज ताट घेऊन त्यांच्यासमोर उभी राहात.

हे काम नुसतं साठवणीचं नव्हतं, हेही लक्षात ठेव. खेल्म्नोच्या छावणीत जर्मन विषारी वायूच्या गाड्यांनी माणसं मारत होते. तिथून निसटलेला एक तरुण १९४२ च्या सुरुवातीला वॉर्सात पोचला. गटाने त्याची जबानी उतरवून घेतली आणि पोलिश भूमिगतांच्या मार्फत बाहेर धाडली. अशा अहवालांतली माहिती लंडनला पोचली, आणि जून १९४२ मध्ये पोलंडमधल्या ज्यूंच्या कत्तलीची बातमी बीबीसीवरून जगाने ऐकली. रिंगेलब्लूमने त्या दिवशी आपल्या टिपणवहीत समाधानाने नोंद केली. जग काहीच करणार नाही, हे पुढे कळलं.

२२ जुलै १९४२ ला घेटोतून माणसं ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे न्यायला सुरुवात झाली. सप्टेंबरच्या २१ पर्यंत सुमारे २,६५,००० माणसं तिकडे गेली. याच धामधुमीत, ऑगस्टच्या पहिल्या दिवसांत, नोवोलिपकी ६८ या शाळेच्या तळघरात इस्रायल लिख्टेनश्टाइन या शिक्षकाने दोन माजी विद्यार्थ्यांना घेऊन खड्डा खणला. मुलांची नावं दाविद ग्राबर आणि नाहूम ग्झिवाच. एक १९ वर्षांचा, दुसरा १८. त्यांनी पत्र्याचे दहा डबे पुरले आणि वर आपापली मृत्युपत्रंही ठेवली. जे आम्हाला जगाला ओरडून सांगता आलं नाही ते आम्ही जमिनीत पुरलं, असं ग्राबरने लिहिलंय. लिख्टेनश्टाइनची पत्नी गेला सेक्श्टाइन चित्रकार होती. तिची चित्रंही डब्यांत गेली. त्यांना मार्गलित नावाची छोटी मुलगी होती. आपली आणि तिची आठवण कुणी ठेवावी, एवढीच त्या दोघांची मागणी होती. म्हणून तुला मुद्दाम लिहून कळवतोय.

चूक कुठे झाली, तेही सांगतो. पत्र्याचे डबे झाळून बंद करायला ना वेळ होता ना साधन. फेब्रुवारी १९४३ मध्ये पुढचा साठा पुरताना मात्र दुधाचे दोन कॅन वापरले. त्यांचं झाकण घट्ट बसतं. युद्ध संपल्यावर दुसरी अडचण पुढे आली. जागा फार थोड्यांना ठाऊक होती, कारण पकडलेला माणूस छळाखाली काय सांगेल याचा नेम नसतो. पण पाचपन्नास माणसांच्या त्या गटातून फक्त तिघं जगले: सचिव हेर्श वासर, त्यांची पत्नी ब्लूमा आणि राखेल आउएरबाख. नेमकी जागा एकट्या वासरना माहीत होती. आणि ती दाखवायची कशी? घेटोचा सगळा भाग विटांचा ढिगारा झालेला, रस्ताच उरला नव्हता तर ६८ नंबर कुठून मिळणार! ढिगाऱ्यातून बोगदे काढत, लांब लोखंडी सळया खुपसून पाहात, १८ सप्टेंबर १९४६ ला डबे मिळाले. चार वर्षं त्यांत पाणी झिरपलं होतं. कागद एकमेकांना चिकटलेले, शाई पसरलेली, टाचण्यांच्या गंजाने पानांना भोकं पडलेली, बरेचसे फोटो गेलेले. दुसरा साठा १ डिसेंबर १९५० ला, नव्या घरांसाठी पाया खणताना मजुरांच्या हाती लागला. कॅनमधले कागद बऱ्याच चांगल्या स्थितीत होते. एकूण सुमारे ३५,००० पानं वाचली. तिसरा साठा श्व्येन्तोयेर्स्का रस्त्यावर पुरला असं मानतात. तो शोधूनही मिळाला नाही.

आता उठाव. हे दोन वेगळे विषय समजू नकोस. लढवय्यांची पत्रकं याच कागदांत आहेत, आणि १९४३ च्या जानेवारीत घेटोने पहिल्यांदा हत्यार उचललं तेव्हा लिहिणारे आणि लढणारे एकाच गल्लीत राहात होते. ज्यू लढाऊ संघटना २८ जुलै १९४२ ला, म्हणजे नेऊन मारणं सुरू झाल्यावर सहाव्या दिवशी स्थापन झाली. म्होरक्या मोर्दखाय अनिएलेविच, विशीतला पोरगा. दुसरी ज्यू लष्करी संघ ही वेगळ्या राजकीय विचारांची संघटना. दोघींचं पूर्ण जमलं नाही, हेही खरं. हत्यारं म्हणजे मुख्यतः पिस्तुलं, गावठी बॉम्ब आणि पेटत्या बाटल्या. रायफली मोजक्या.

१९ एप्रिल १९४३, पेसाख या ज्यू सणाच्या आदल्या दिवशीची पहाट. घरांत संध्याकाळच्या सेदरसाठी, म्हणजे सणाच्या भोजनविधीसाठी, मात्झा (बिनखमिराच्या भाकरी) भाजून ठेवलेल्या. सेदरला जी हग्गादा ही पोथी वाचतात, ती आपल्याकडच्या मराठी ज्यूंसाठी, म्हणजे बेने इस्रायली मंडळींसाठी, मराठीत १८४६ साली मुंबईत आणि १८७४ साली पुण्यात छापली गेली होती. गुलामीतून सुटकेची कहाणी सांगायची ती रात्र, आणि त्याच दिवशी जर्मन तुकड्या रणगाडा घेऊन आत शिरल्या. नालेव्की-गेंशा आणि झामेनहोफा-मिवा या दोन चौकांत वरच्या खिडक्यांतून मारा झाला. तुकड्या मागे हटल्या. त्याच दिवशी सेनापती बदलून श्ट्रोप आला.

लढाई जवळपास महिनाभर टिकली ती तळघरांमुळे. हिवाळाभर लोकांनी जमिनीखाली निवारे खणले होते. त्यांत नळ, वीज, चूल, फळ्यांच्या झोपायच्या जागा, बाहेर पडायला एकाहून अधिक वाटा. श्ट्रोपला कळलं की रस्त्यावर लढून हे जमणार नाही. मग त्याने एकेक इमारत पेटवायला सुरुवात केली. वरचं घर जळालं की खालचा निवारा भट्टीसारखा तापे, हवा संपे, पाणी संपे. आगीने घेटो पाडला, लढाईने नव्हे. मिवा १८ चा निवारा चोरट्या व्यापाऱ्यांनी खणलेला, प्रशस्त. त्यांनी तो लढणाऱ्यांना उघडून दिला. ८ मे रोजी जर्मनांनी तोंडं शोधून आत वायू सोडला. अनिएलेविच आणि सोबतचे बरेच जण तिथेच गेले. १० मेला सिम्खा रोतेम ऊर्फ काझिक यांनी गटारातून काहींना प्रोस्ता रस्त्यावरच्या झाकणाशी आणलं. भरदिवसा ट्रक उभा करून ते निघाले. काही जण आतच राहिले, ही बोच काझिक यांना शेवटपर्यंत होती. ते डिसेंबर २०१८ मध्ये गेले.

त्याच गटारातून बाहेर पडलेले लढवय्ये मारेक एदेलमान पुढे वूज शहरात हृदयरोगतज्ज्ञ झाले. मुलाचा हात धरून ट्रेब्लिंकाच्या गाडीत चढलेली आई लढणाऱ्यापेक्षा कमी शूर नव्हती, असं ते ठामपणे मांडत. मला ते मनापासून पटतं. ‘मेंढरांसारखे गेले’ हे वाक्य कुणी तुझ्यासमोर ज्यूंबद्दल म्हटलं, तर नोवोलिपकीची गोष्ट सांग.

एदेलमान दर १९ एप्रिलला घेटोवीरांच्या स्मारकापाशी पिवळी डॅफोडिल ठेवत. २००९ मध्ये ते गेले. २०१३ पासून समोरच्या पोलिन या ज्यू इतिहासाच्या संग्रहालयाचे स्वयंसेवक कागदी डॅफोडिल वाटतात. छातीवर टोचायला कागदाची घडी उघडली की पाकळ्यांत ज्यूंची ओळख असलेल्या दाविदाच्या सहा टोकांच्या चांदणीचा आकार दिसतो. एक मात्र ध्यानात ठेव: इतरत्र ज्यूंना लावावी लागे तशी पिवळी चांदणी वॉर्सातल्या ज्यूंना नव्हती. तिथे १ डिसेंबर १९३९ पासून उजव्या दंडावर निदान १० सेंटिमीटर रुंदीची पांढरी पट्टी आणि त्यावर निळी दाविदाची चांदणी सक्तीची होती. अपमान म्हणून बांधायला लावलेली. उठावाच्या पहिल्याच दिवसांत मुरानोव चौकातल्या उंच इमारतीवर दोन झेंडे चढले: एक पोलिश, लाल-पांढरा, दुसरा ज्यूंचा, निळा-पांढरा. दुसऱ्याचे रंग दंडावरचेच, पण या वेळी स्वतः फडकवलेले. ते उतरवायला श्ट्रोपने किती धडपड केली, ते त्याच्याच अहवालातून कळतं.

इस्रायलमध्ये स्मृतिदिन हिब्रू पंचांगाप्रमाणे वेगळ्या तारखेला असतो. त्याच्या नावात ‘शोआ’ आणि ‘गेवुरा’ हे दोन्ही शब्द आहेत, संहार आणि शौर्य. सकाळी दहाला दोन मिनिटं भोंगा वाजतो. गाड्या रस्त्यात थांबतात, माणसं बाहेर येऊन उभी राहतात. दिमोना आणि अश्दोदमध्ये घरात मराठी बोलणारे आपले बेने इस्रायलीही त्यात असतात.

१९ तारखेला दुपारी बारा वाजता वॉर्सातही भोंगे आणि चर्चच्या घंटा वाजतात. त्या वेळी स्मारकापाशी अस. तिथून मिवा १८ अगदी जवळ. ते छोटं टेकाड घरांच्या ढिगाऱ्याचंच आहे आणि आतली माणसं कधी बाहेर काढलेली नाहीत, म्हणजे ती कबर आहे. वर शिळा आहे, खाली ओबेलिस्कवर, म्हणजे निमुळत्या दगडी खांबावर, ओळख पटलेल्या ५१ जणांची नावं आहेत. ज्यूंच्या रिवाजाप्रमाणे लोक तिथे खडे ठेवतात. एक तूही ठेव.

जुनं नोवोलिपकी ६८ आता २८ नंबर झालंय. भोवती साधी निवासी घरं आहेत, ढिगाऱ्यावरच बांधलेली, म्हणून तिथले अंगणातले चढ-उतार जरा विचित्र वाटतील. अंधार पडायच्या आत जा.

तुझा,
विनायक