त्रोवसला राहिलेला झगा

पुणे, रविवार रात्र

प्रिय आई, बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

फोनवर हे बोलायला जमत नाही. बाबा, तुम्ही दोन वाक्यं ऐकता आणि "बरं, आईशी बोल" म्हणून फोन तिच्या हातात देता. आणि आईचा आवाज भरून आला की माझंही पुढचं राहून जातं. म्हणून लिहितेय. आई, तू चष्मा लावून मोठ्यानं वाच. बाबा मधेच उठायला लागले तर हात धरून बसव.

आई पाच दिवसांपूर्वी म्हणाली की चार रविवार झाले, तुम्ही चर्चला गेला नाहीत. आपल्या वडगावातून बेळगावच्या कॅम्पात रिक्षानं जायचं म्हणजे चढ-उतार, गुडघा ऐकत नाही, हे मला कळतं. पण शेजारच्या अक्कांचा धाकटा दारात येऊन "काका, मी सोडतो की गाडीवरनं, उपासना सुटली की न्यायला पण येतो" म्हणाला, आणि तुम्ही त्याला परत पाठवलंत. रात्री आईला म्हणालात, "देवानं मला आता बाजूला ठेवलंय. डोळे नाहीत, गुडघे नाहीत. कुणाच्या उपयोगाचा राहिलो नाही."

पाच दिवस हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. वॉर्डात औषधं वाटताना, सलाईन बदलताना तेच ऐकू येतं.

बाबा, आपल्या पडवीतलं ते टेबल मला आठवतं. शाळेतून आले की तिथं कुणी ना कुणी बसलेलं असायचंच. कुणाला रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचं असायचं, कुणाला विधवा पेन्शनचा अर्ज करायचा असायचा. सगळे अर्ज कन्नडमध्ये, आणि आपल्या गल्लीतल्या निम्म्या बायकांना मराठीशिवाय अक्षर वाचता येत नव्हतं. तुम्ही आधी अर्ज वाचून त्याचा अर्थ त्यांना सांगायचात आणि मगच पेन उघडायचात. उलट एखादा कन्नड शेतकरी १९५६ च्या आधीचे, मुंबई राज्यातले मराठी कागद घेऊन आला, तर त्याला ते कन्नडमध्ये समजावून द्यायचात. गावात भाषेवरून बंद असला, दगड पडले, तरी त्या टेबलाशी कुणाची भाषा विचारली गेली नाही. पैसे तर नाहीच. एकदा एका म्हातारीनं पदराच्या गाठीतून दहाची नोट काढली. तुम्ही ती परत तिच्याच गाठीत बांधून दिलीत. ती गाठ बांधतानाची तुमची बोटं मला अजून दिसतात. माझ्यासाठी शुभवर्तमान आधी तिथं होतं आणि मग चर्चच्या पुलपिटावर. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आता डोळ्यांमुळे ते टेबल बंद पडलंय, म्हणून तुम्ही स्वतःलाही बंद समजताय.

पाच दिवस मी दुसरं तीमथ्य वाचतेय, पौलानं बंदीतून तीमथ्याला लिहिलेलं पत्र. चौथा अध्याय तुम्हाला तोंडपाठ आहे. "जे सुयुद्ध ते मी केले आहे, धाव संपवली आहे, विश्वास राखला आहे." चर्चमधल्या कितीतरी माणसांच्या अंत्यविधीला तुम्हीच हे वाचलंत. पण आपण तिथंच थांबतो, बाबा. पुढं वाचा. जेमतेम सहा ओव्या पुढं तोच पौल तीमथ्याला लिहितो की येताना त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये, पुस्तकं आण, चर्मपत्रं तर विसरू नकोस. मार्कालाही बरोबर आण, त्याचा मला उपयोग आहे. आणि शेवटी पुन्हा, हिवाळ्याच्या आधी ये.

म्हातारा पौल, बंदीत, थंडी वाजतेय, जवळ फक्त त्याचा सोबती लूक. सुयुद्ध केलेला हा माणूस झगा मागतोय, माणसं मागतोय. त्याला त्यात कमीपणा वाटला नाही. ज्या पत्रात विश्वास राखल्याचं लिहिलं, त्याच पत्रात त्यानं हे मागणं लिहिलं. मला तर वाटतं, ते मागणं हाही विश्वास राखण्याचाच भाग होता. मंडळी आपल्याला थंडीत टाकणार नाही, ही त्याची खात्री होती.

तुम्ही म्हणाल, पौलाला त्याच्या मंडळीनं झगा आणायचा होता, अक्कांचा मुलगा काही आपल्या मंडळीतला नाही. पण प्रभूच्या दाखल्यात वाटेवर पडलेल्या माणसाला उचलणारा शोमरोनीही त्याच्या मंडळीतला नव्हता. हा धडा तुम्हीच आम्हाला संडे स्कूलमध्ये नाटक करून शिकवलात. माझा भाऊ गाढव झाला होता.

आणि अक्कांचं म्हणाल तर २०१९ चा ऑगस्ट आठवा. बळ्ळारी नाल्याचं पाणी गल्लीत शिरलं आणि त्यांच्या मागाच्या खड्ड्यात कमरेएवढं साचलं. तुम्ही आणि त्यांच्या मालकांनी रात्री सुताचे गठ्ठे डोक्यावरून आणून आपल्या माळ्यावर ठेवलेत. नऊ माणसं आपल्या बाहेरच्या खोलीत झोपली. आई चुलीपुढून हलली नाही. अक्का सारख्या म्हणत होत्या, "नको काकू, किती त्रास तुम्हाला." तेव्हा तुम्ही त्यांना काय म्हणालात? मी सुट्टीवर आले होते, दारातच उभी होते. तुम्ही म्हणालात, "अक्का, घ्यायला लाजू नका. उद्या माझ्यावर पाळी आली तर मी तुमच्याच दारात येणार हाय."

ती पाळी आता आलीय, बाबा. आणि तुम्ही दार लावून बसलाय.

आई, तुझंही तेच चाललंय. अक्कांनी आमटीचं पातेलं पाठवलं तर तू ते रिकामं परत पाठवत नाहीस, त्यात काहीतरी घालण्यासाठी दुखऱ्या कमरेनं ओट्याशी उभी राहतेस. एकदा रिकामं जाऊ दे.

माझ्या वॉर्डात मागच्या महिन्यात एक आजोबा होते. तेही जन्मभर दुसऱ्यांसाठी झिजलेले, कुणाकडून पाण्याचा पेला घेतला नाही असे. मी अंग पुसायला गेले की ते चादर दोन्ही मुठींत घट्ट धरून ठेवायचे. चौथ्या दिवशी त्यांनी मुठी सोडल्या. मी पाय पुसत होते, बोटांच्या बेचक्यांतून ओला कपडा फिरवत होते, आणि ते हलक्या आवाजात रडत होते. मला प्रभूचा शिष्य पेत्र आठवला, "माझे पाय तुम्ही कधीच धुणार नाही" म्हणणारा. प्रभूनं त्याचं ऐकलं नाही. धुऊ दिले नाहीस तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, म्हणाला. इतका कडक शब्द, आणि तो सेवा नाकारणाऱ्याला.

आणि गलतीकरांस पत्रातलं तुमचं आवडतं वचन, "चांगले करण्याचा आपण कंटाळा करू नये, कारण आपण न खचलो तर यथाकाळी आपल्या पदरी पीक पडेल." विणकरांच्या गल्लीत जन्म गेलाय आपला. पदर कसा असतो ते आपल्याला कुणी सांगायला नको. पदरी काही पडायचं तर पदर पसरावा लागतो. आपल्या घरात तो कुणी कधी पसरलाच नाही. आपण फक्त दुसऱ्यांच्या पदरात घालत आलो. मग यथाकाळी आलेलं पीक कशात घेणार, बाबा? मला वाटतं, तो पोरगा गाडी घेऊन दारात आला ना, ते पीकच होतं.

दर वर्धापनदिनाला तुम्ही आपल्या गावच्या मिशनची गोष्ट सांगता. १८२० साली लंडन मिशनची माणसं बेळगावात आली, आणि १९०४ साली सगळं काम मेथडिस्ट चर्चच्या हाती सोपवून निघाली. ज्यांनी सुरुवात केली त्यातलं सोपवताना कुणी नव्हतं. "काम आपलं नसतं, सोपवायचं असतं," हे तुम्हीच सांगता. मग ते टेबल सोपवा. अक्कांच्या धाकट्याला कन्नड लिहिता-वाचता उत्तम येतं, मराठी तो घरात बोलतोच. कुठला अर्ज कुठल्या खिडकीत, कुठला कागद जोडला नाही तर परत येतो, हे त्याला माहीत नाही. ते तुम्हाला माहीत आहे, आणि ते सांगायला डोळे लागत नाहीत. संध्याकाळी तो लिहील, तुम्ही सांगा. मी त्याच्याशी फोनवर बोलले, रागावू नका. तो म्हणाला, "काका हो म्हणाले तर मी आजपासनं बसतो."

डोळ्यांच्या थेंबांचंही लिहिते. काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनी फक्त आहे ती राखायची असते, म्हणून एकही दिवस चुकवायचा नाही. आईचा हात थरथरतो, निम्मे थेंब गालावर जातात. अक्कांची सून रात्री येऊन घालायला तयार आहे. थेंब पडला की डोळा मिटायचा, नाकाजवळचा कोपरा बोटानं हलका दाबायचा आणि दोन मिनिटं तसंच पडून राहायचं. त्या दोन मिनिटांत तिच्यासाठी प्रार्थना करा. तिच्या पोटातल्या बाळासाठी करा.

आणि उपयोगाचं विचाराल तर २०२० मध्ये माझ्याकडून प्रार्थना होत नव्हती, हे तुम्हाला ठाऊक नाही. पीपीई काढून हॉस्टेलवर यायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. बायबल उघडवत नव्हतं. पहाटे साडेपाचला तुमचा फोन यायचा, तुम्ही १२१ वं स्तोत्र म्हणायचात आणि ठेवून द्यायचात. मी नुसतं "हं" म्हणायचे. तुम्हाला वाटत असेल झोपेत आहे. मी जागीच असायचे, बाबा. कित्येक महिने माझा विश्वास म्हणजे तेवढाच फोन होता. तो फोन तुम्ही बसून करत होता, गुडघा तेव्हाही दुखतच होता. तो बंद का केलात? उद्यापासून पुन्हा करा. मला गरज आहे.

मी नाताळच्या आठ दिवस आधी येतेय, मिरजेवरून गाडी मिळते का बघते. यायच्या आधी एका रविवारी तरी त्या पोराच्या गाडीवर बसा. आणि मला काय आणायचं ते कळवा. "काही नको, तू ये म्हणजे झालं" हे उत्तर या वेळी मी घेणार नाही. पौलानं तीन वस्तू आणि एक माणूस मागितला होता. तुम्ही दोघं मिळून एक तरी वस्तू मागा.

तुमची,
धाकटी