लांब उडीचा आकडा एकटा छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लांब उडीतल्या अंजू बॉबी जॉर्ज यांच्या कारकिर्दीवर मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून लेख येतात, याचा आम्हाला आनंद आहे. मात्र त्यांत दोन नोंदी अजूनही जुन्याच सापडतात. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये त्या सहाव्या आल्या, असे लिहिले जाते. त्यांच्या पुढे असलेल्या अमेरिकेच्या मेरियन जोन्सचा निकाल उत्तेजकांमुळे रद्द झाल्यापासून त्यांचे अधिकृत स्थान पाचवे आहे. दुसरी नोंद २००५ च्या मोनॅकोमधील जागतिक ॲथलेटिक्स फायनलची. तिथे ६.७५ मीटर उडी मारून त्या रशियाच्या तात्याना कोतोवामागे दुसऱ्या आल्या होत्या. कोतोवाच्या त्याच वर्षीच्या हेलसिंकी जागतिक स्पर्धेतील उत्तेजक चाचणीच्या नमुन्याची पुढे फेरतपासणी झाली, ती दोषी ठरली आणि सुवर्णपदक अंजूंच्या नावे झाले. पदक इतक्या वर्षांनी मिळाले. निदान छापील नोंदीत तरी ते रौप्य राहू नये.

डिसेंबर २०२० मध्ये अंजूंनी स्वतःच सांगितले की, त्या एकाच मूत्रपिंडावर इथवर पोहोचल्या. तेव्हापासून बहुतेक लेख त्या वाक्याने सुरू होतात आणि त्याच्याच आसपास संपतात. गोष्ट खरी आहे आणि तिच्यामागचे धैर्यही मोठे आहे. पण त्यांच्या राष्ट्रीय विक्रमाची ६.८३ मीटर उडी कशी पडते, हे त्यातून वाचकाला कळत नाही. शाळेतल्या ज्या मुलीने तो लेख कापून वहीत ठेवला, तिच्या हाती सरावाचे काहीच लागत नाही.

केरळमधील चंगनाशेरी भागातल्या अंजू सुरुवातीला हेप्टॅथलॉन, म्हणजे सात मैदानी प्रकारांची एकत्र स्पर्धा, खेळत. त्या सात प्रकारांत अडथळ्यांची शर्यत असते आणि अडथळ्यांत पहिल्या अडथळ्यापर्यंतची पावले दर वेळी तेवढीच आणि तशीच पडावी लागतात. लांब उडीच्या धावेचा पायाही हाच. पुढे पती रॉबर्ट बॉबी जॉर्ज त्यांचे प्रशिक्षक झाले. ते स्वतः तिहेरी उडीतले राष्ट्रीय विजेते. पत्नीसाठी त्यांनी आपली कारकीर्द बाजूला ठेवली. २००२ मध्ये मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ६.४९ मीटरवर कांस्य आणि त्याच वर्षी बुसानच्या आशियाई स्पर्धेत ६.५३ मीटरवर सुवर्ण मिळाले. २००३ मध्ये अमेरिकेत माइक पॉवेल यांच्याकडे सराव झाला आणि ३० ऑगस्टला पॅरिसमध्ये ६.७० मीटरवर जागतिक स्पर्धेतील कांस्य आले. जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेतले ते भारताचे पहिले पदक. पॉवेल यांनी टोकियोत ८.९५ मीटरचा विश्वविक्रम केला तोही ३० ऑगस्टलाच, १९९१ साली.

पॅरिसमध्ये फ्रान्सच्या युनिस बार्बरने ६.९९ वर सुवर्ण घेतले. कोतोवाची रौप्यपदकाची उडी ६.७४ होती. म्हणजे रौप्य आणि कांस्य यांत ४ सेंटीमीटरचे अंतर. नैरोबीत २०२१ च्या २० वर्षांखालील जागतिक स्पर्धेत शैली सिंगचे सुवर्ण एका सेंटीमीटरने हुकले, ६.६० विरुद्ध ६.५९. झाशीची ही मुलगी याच जॉर्ज दांपत्याच्या बंगळुरूच्या अकादमीत घडली.

हे सेंटीमीटर बहुतेक वेळा हवेत नाही, फळीवर जातात. टेक-ऑफची, म्हणजे जिथून उडी घ्यायची ती, फळी २० सेंटीमीटर रुंद असते आणि उडी मोजली जाते ती फळीच्या वाळूकडच्या कडेपासून. पायाचे टोक त्या कडेच्या १२ सेंटीमीटर मागे पडले, तर ते १२ सेंटीमीटर हिशेबातून गेलेच. टोक कडेपुढे गेले तर लाल निशाण. नोव्हेंबर २०२१ पासून नियम आणखी कडक आहे. पूर्वी फळीपुढच्या प्लॅस्टिसिनच्या मऊ पट्टीवर ठसा उमटला तर फाऊल धरत. आता उडी घेताना बुटाचे टोक कडेच्या सरळ वरच्या रेषेपुढे गेले की फाऊल, खाली ठसा उमटो वा न उमटो. आपल्याकडे अजूनही अनेक ठिकाणी मुलांना जुनाच नियम शिकवला जातो, आणि ती मुले राज्य पातळीवर पहिल्या तीन उड्यांत तीन फाऊल करून बाहेर पडतात.

म्हणून खरी मेहनत धावेवर घ्यावी लागते. धाव बसवायची ती अशी. मुलीने फळीकडे पाठ करून, वाळूपासून दूर, मोकळ्या धावमार्गावर पूर्ण वेगात पळायचे. उडीचा पाय सोळाव्या पावलाला कुठे पडला, तिथे खूण करायची. पुरेशी विश्रांती देऊन असे सहा-आठ वेळा करायचे. खुणा जिथे दाट पडतील ते अंतर स्टीलच्या टेपने मोजून वहीत लिहायचे. मग तिथूनच उलट दिशेने फळीकडे धाव. प्रशिक्षकाने दुसरी खूण फळीपासून सहा पावलांवर ठेवावी आणि स्वतः तिथेच उभे राहावे. ही खूण मुलीसाठी नाही. तिने तिकडे बघायचेही नाही. त्या खुणेवर पाय बरोबर पडूनही फळी चुकली, तर दोष शेवटच्या सहा पावलांत. खुणेवरच चुकला, तर सुरुवातीत. बहुतेक वेळा पहिली दोन-तीन पावले रोज वेगळी पडत असतात. हा फरक न तपासता नुसते “मागे सरक, पुढे सरक” सांगणारे प्रशिक्षक मुलींची वर्षे वाया घालवतात.

शेवटच्या पावलांत सर्वांत मोठा घात फळीकडे बघण्याने होतो. मान खाली गेली की पावले आखडतात आणि वेग पडतो. उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरे, पाऊल किंचित लांब हवे, त्यात कंबर थोडी खाली येते. शेवटचे आखूड हवे. शेवटचेच लांब टाकले, तर पाय शरीराच्या फार पुढे पडतो आणि ब्रेक लागतो. फळीवर पाय टेकतो तो सेकंदाच्या साधारण आठव्या भागाइतकाच वेळ. एवढ्या वेळात ताशी तीस किलोमीटरहून अधिक वेगाचे शरीर ४५ अंशांत वर वळवता येत नाही. चांगल्या उडीचा कोन २० अंशांच्या आसपासच राहतो. “उंच उडी घे” ही मैदानावरची आरोळी म्हणूनच नुकसान करते. मुलगी उंच जाण्यासाठी आधी वेग कमी करते.

आता वाऱ्याबद्दल, आणि इथे आपल्या क्रीडापानाला विनंती आहे. एप्रिल २०२२ मध्ये कोळिकोडच्या फेडरेशन कपमध्ये पुरुषांच्या लांब उडीत जेस्विन ऑल्ड्रिनने ८.३७ मीटरवर सुवर्ण जिंकले, तरी राष्ट्रीय विक्रम लागला तो ८.३६ मीटरवर दुसऱ्या आलेल्या मुरली श्रीशंकरच्या नावे. कारण जेस्विनच्या उडीला पाठीवरचा वारा सेकंदाला ४.१ मीटर होता, श्रीशंकरच्या उडीला १.५. विक्रमासाठी मर्यादा २.० ची. क्रमांक लागताना मात्र वारा बघत नाहीत. वाऱ्याचा आकडा छापला नाही, तर ही बातमी वाचकाला चुकीची वाटणार. खेळाडूंनाही हा आकडा लागतो. पाठीवर वारा असेल तर पावले लांबतात, सुरुवातीची खूण वीस-तीस सेंटीमीटर मागे न्यावी लागते. समोरून असेल तर पुढे.

प्रत्येक खेळाडूची दुसरी सर्वोत्तम उडीही छापावी. अथेन्समध्ये रशियाच्या लेबेदेवाने ७.०७ वर सुवर्ण घेतले, तर तिच्याच देशाच्या सिमागिना आणि कोतोवा या दोघींची सर्वोत्तम उडी ७.०५ होती. रौप्य कोणाचे, हे त्यांच्या दुसऱ्या सर्वोत्तम उडीने ठरले. त्याच अंतिम फेरीत अंजूंनी ६.८३ मारली. तो राष्ट्रीय विक्रम वीस वर्षांहून अधिक काळ टिकला आहे.

हे सगळे लिहिण्याचे एक कारण आपल्याकडची जिल्हा आणि तालुका मैदाने. पुण्यात बालेवाडीला सिंथेटिक धावमार्ग आहे, वारा मोजणारा विंड गेज लावता येतो. तालुक्याला मुरमाच्या पट्टीवर फक्कीची रेघ मारून तिलाच फळी म्हणतात. तिसऱ्या उडीनंतर रेघ पुसट होते आणि फाऊल आहे की नाही हे पंचाच्या नजरेवर जाते. लाकडी फळी जमिनीच्या पातळीत पक्की बसवणे कुठल्याही सुताराला जमते: १.२२ मीटर लांब, २० सेंटीमीटर रुंद, पांढरा रंग दिलेली.

वाळूचे हाल त्याहून वाईट. नदीची वाळू महाग म्हणून क्रश सँड टाकतात. पाऊस पडून गेला की ती थिजते आणि मुलींच्या घोट्यांना मार बसतो. जाडसर, धुतलेली वाळू किमान एक फूट खोल हवी. स्पर्धेआधी खणून ओलसर करावी, नाहीतर कोरडी वाळू ढासळून ठसा बुजतो. प्रत्येक उडीनंतर फळीच्या पातळीत ओढून घ्यावी. वाळू ५ सेंटीमीटर खाली असेल तर उडी सात-आठ सेंटीमीटर फुकट वाढते. टेपही फळीच्या रेषेला काटकोनात धरावी. सहा मीटरच्या उडीत खेळाडू एक मीटर बाजूला पडली आणि टेप तिरकी धरली, तर आठ सेंटीमीटर जास्त दिसतात. असे फुगलेले आकडे घेऊन मुली राज्य स्पर्धेला जातात, तिथे ३० सेंटीमीटर कमी उडी पडते आणि घरचे म्हणतात, हिने सराव सोडला.

तेव्हा आपल्या जिल्हा वार्ताहरांनी लांब उडीचा निकाल घेताना अंतरासोबत वारा विचारावा. मोजला नसेल तर “वारा मोजला नाही” असे स्पष्ट छापावे. पहिल्या तिघींच्या सहाही उड्या, फाऊलसह, द्याव्यात. जागा लागते ती फक्त तीन ओळींची. आणि उडी रेघेवरून झाली की फळीवरून, तेही लिहावे. चार स्पर्धांच्या बातमीत “रेघेवरून” असे छापून आले, तर पाचव्या स्पर्धेआधी संयोजक सुतार शोधतील.

आपले,
मैदानी स्पर्धांचे दोन पंच, सातारा