पूरनियोजनात शेजाऱ्यांनाही जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२५च्या उन्हाळ्यात विश्वामित्री नदीचं पात्र रुंद आणि खोल करण्याचं काम झालं. ते व्हायलाच हवं होतं. पण बडोद्यात पुराचा विषय निघाला की बोलणं नदीचं पात्र, आजवा धरणाचे दरवाजे आणि बोटी यांच्यापुढे जात नाही. पाणी ओसरल्यावर माणसं पुन्हा उभी कशी राहतात, हे कुठल्याच आराखड्यात दिसत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये जन्माष्टमीच्या सुमारास पावसाने ठाण मांडलं. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट. पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. लष्कर बोलवावं लागलं, वस्त्यांत मगरी शिरल्या. आमचं घर समा भागात, तळमजल्यावर. मध्यरात्री फ्रीज आडवा होऊन तरंगायला लागला, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या मासींनी जिन्यातून हाक मारली, "भाभी, बधुं मूकी दो, उपर आवी जाव." (सगळं सोडा, वर या.) त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही अकरा माणसं तीन रात्री राहिलो. सासूबाईंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी वर नेलं. त्यांतल्या दोघांशी पार्किंगवरून आमचं वर्षभर बोलणं बंद होतं.

खरी कसोटी पाणी उतरल्यावर लागली. घोट्याएवढा गाळ, त्याला गटाराचा वास, फुगलेल्या प्लायवूडमुळे कपाटाची दारं उघडेनात. आत मुलीच्या मार्कलिस्टा होत्या. सोसायटीतल्या मुलांनी पाळी लावून एकेक घर उपसलं आणि त्या मार्कलिस्टा मासींच्या गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळवल्या. दांडिया बाजारातून नणंदेने पंधरा दिवस डबा पाठवला. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने सगळ्यांचे मीटर तपासले, पैशांचं नंतर बघू म्हणाला. ही मदत कुठल्याही आकडेवारीत येणार नाही, पण आमचं घर तिच्यामुळेच महिन्याभरात राहण्याजोगं झालं.

गणपती बसायला तेव्हा जेमतेम दहा दिवस होते. आमच्या भागातल्या मंडळाने मंडपाचं काम थांबवलं आणि महाप्रसादाचे टोप खिचडीसाठी चुलीवर चढवले. मंडळाचा जनरेटर मोबाईल चार्ज करायला रस्त्यावर आणून ठेवला. विचार करा, दोर, बांबू, ताडपत्र्या, लाऊडस्पीकर, मोठी भांडी, गल्ली ओळखणारी पन्नास मुलं, हे सगळं आपल्या शहरात जवळपास प्रत्येक मंडळाकडे आहे. नवरात्रीच्या गरबा मंडळांकडेही आहे. महापालिकेने त्याची नोंद का ठेवू नये?

१९९५ साली जपानमध्ये कोबेला भूकंप झाला, तेव्हा ढिगाऱ्याखालून वाचलेल्या बहुतेकांना बाहेर काढलं ते घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी. तिथल्या मानो वस्तीतले लोक वर्षानुवर्षं वस्तीच्या कामासाठी एकत्र येत. त्यांनी बादल्यांची साखळी करून आग पसरू दिली नाही. सवय आधीची होती म्हणून ती त्या दिवशी कामाला आली.

मात्र एक गोष्ट मला सलते. ओळख असलेल्यांनाच ओळखीचा आधार मिळतो. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत काही गावांत मदतीच्या याद्या गावच्या पारंपरिक जातपंचायतींनी केल्या आणि त्यांतून दलित, विधवा आणि एकटी म्हातारी माणसं वगळली गेली. आमच्याकडेही कोपऱ्यावरच्या पीजीतली परप्रांतीय मुलं दोन दिवस बिस्किटांवर होती. शंभर पावलांवर खिचडी शिजत होती आणि आमच्यातल्या एकालाही त्यांची आठवण झाली नाही. नदीकाठच्या झोपड्यांत डबा पोचवणारी नणंद कोणाला असते?

म्हणून विनंती अशी, की पावसाळ्याआधी प्रत्येक वॉर्ड ऑफिसने सोसायट्या आणि मंडळांना एकत्र बोलवून याद्या कराव्यात. एकटे राहणारे कोण, भाडेकरू कोण, रोजची औषधं कोणाला लागतात, वरच्या मजल्यावर कोणाकडे किती जागा आहे, गच्चीची किल्ली कोणाकडे असते. आपल्या दैनिकाने हा विषय लावून धरावा.

आमच्या सोसायटीची यादी आम्ही केली आहे. एकवीस घरं, एकटे राहणारे चार आजी-आजोबा, एक ऑक्सिजन मशीन. पीजीतल्या नऊ मुलांची नावंही तीत आहेत.

आपली,
एक वाचक, समा, बडोदे