बंदूक तुझ्या नावावर करण्याबद्दल

वर्तकनगर, ठाणे
दि. 14 जून 2025

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू काय काय बोललीस ते आईने मला सगळं सांगितलं. तुमच्या लाइनीतलं कोपऱ्याचं रो-हाऊस फुटलं, मागच्या खिडकीचं ग्रिल वाकवून आत शिरले, आणि तेव्हापासून तुझा रात्री डोळ्याला डोळा नाही. सुनीलराव बोटीवर, यायला अजून चार महिने. घरात तू, अर्णव आणि गुडघ्यांनी अधू झालेल्या विहीणबाई. मागे खारघरचा डोंगर, त्यात पावसाळा, म्हणजे लाइट जाणार हे धरूनच चालायचं. "उगाच घाबरतेस" असं मी म्हणणार नाही. पण माझी दुनळी तू तुझ्या नावावर करून मागतेस, त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. शिवाय फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

आधी कागदाचं सांगतो, ते सोपं आहे. कायद्याने तुझं मागणं रास्त आहे. आर्म्स रूल्स 2016 मधला नियम 25 असा आहे, की लायसन्सवाला सत्तरीचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे राहिलं, तर त्याच्या हयातीतच वारसाला त्या हत्याराचं लायसन्स मागता येतं. मी दोन्हीकडून बसतो. अर्ज मात्र तुझ्या नावाने नवा. तू खारघरची, त्यामुळे तो बेलापूरला, नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात. मग तुमच्या पोलीस ठाण्याची चौकशी, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट, बाकीच्या वारसांची ना-हरकत. (दादाची ना-हरकत तू मला विचारायच्या आधीच मागून ठेवलीस, हे मला कळलंय. ही वकिली तुला कोणी शिकवली?) पूर्वी दर तीन वर्षांनी लायसन्स नवं करावं लागायचं, 2019 च्या दुरुस्तीपासून मुदत पाच वर्षांची झाली. हेलपाटे मी तुझ्यासाठी घालीन, त्याला माझी ना नाही. माझं अडतंय ते कपाटापाशी.

आपल्या घरात बंदूक कशी असायची ते तुला अर्धंच ठाऊक आहे. मी ती कधी अख्खी ठेवलीच नाही. नळ्यांखालचं लाकूड काढलं आणि वरची कळ बाजूला सारली की नळ्या दस्त्यापासून सुट्या होतात. नळ्या लोखंडी कपाटात, दस्ता पलंगाखालच्या फौजी ट्रंकेत, काडतुसं तुझ्या आईच्या कपाटातल्या लॉकरमध्ये. कपाटाची आणि ट्रंकेची किल्ली माझ्या करदोट्याला, लॉकरची तिच्या कमरेला. बँकेत गार्डच्या ड्युटीला निघताना ती काडतुसं मोजून माझ्या हातात ठेवायची आणि संध्याकाळी मोजून परत घ्यायची. एखाद्या दिवशी माझं डोकं फिरलं, तरी मला एकट्याला बंदूक भरता येऊ नये, म्हणून हा बंदोबस्त होता. फौजेत हेच बघत आलो होतो. हत्यार कोतात म्हणजे हत्यारांच्या खोलीत, दारूगोळा मॅगझिनमध्ये म्हणजे त्याच्या वेगळ्या कोठारात, दोन्हीकडे कुलूप वेगळं आणि रजिस्टरही वेगळं.

आणि एवढं करूनही, तू चौथीत असशील, दादा सातवीत, तेव्हा एकदा ट्रंकेच्या कुलपावर मला बारीक ओरखडे दिसले. हेअरपिनचे. कुणी केलं ते मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारत नाही. दुसऱ्या दिवशी कुलूप बदललं. अर्णव आता नऊ वर्षांचा आहे. तू रिमोट कुठे लपवतेस ते त्याला माहीत असतं, तुझ्या मोबाइलचा पॅटर्न त्याने तुझ्या बोटांकडे बघून उचलला, हे तूच कौतुकाने सांगतेस. खडकीच्या कारखान्यात बारा बोअरची काडतुसं बनतात, त्यांच्या खोक्यावर नावच "शक्तिमान" असतं. ते खोकं एकदा दिसल्यावर तो गप्प बसेल असं तुला वाटतं का?

आता रात्री दोन वाजता मागच्या खिडकीशी खुडबुड झाली असं धर. बंदूक मी ठेवायचो तशी तू ठेवली असशील, तर तुला उठून किल्ली शोधायची, कपाट उघडायचं, ट्रंक ओढायची, नळ्या आकड्यात बसवायच्या, लाकूड चढवायचं, दुसरं कुलूप काढून काडतुसं घ्यायची, ती नळीत घालायची. अंधारात, थरथरत्या हाताने, विहीणबाई आतून "कोण आहे गं" म्हणून हाका मारत असताना. माझ्या हाताला इतक्या वर्षांची सवय, तरी मला दोन मिनिटं लागतील. तेवढ्यात चोर आत तरी आलेला असेल, नाहीतर आवाज ऐकून पळालेला असेल. हे टाळायचं म्हणून तू ती जोडून, भरून, पलंगाशेजारी उभी करशील, तर ती तुझ्या हाताशी आली तशीच अर्णवच्याही आली. बंदूक जपून ठेवावी नाहीतर तयार ठेवावी, दोन्ही एका कपाटात मावत नाही. मूल असलेल्या घरात मी जपून ठेवलेलीच चालवून घेईन, आणि जपून ठेवलेली बंदूक रात्री दोनच्या चोराला उपयोगाची नाही.

आई सांगत होती, तुझ्या दिरांनी सुचवलंय की दुनळी विकून छोटं रिव्हॉल्व्हर घ्यावं आणि बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या लॉकरमध्ये उशाशी ठेवावं. सुचवणाऱ्याचं काय जातं! 1 ऑक्टोबर 2024 ला सिनेमातल्या गोविंदाचं झालं ते आठवतंय ना? पहाटे विमान गाठायचं म्हणून निघायच्या गडबडीत स्वतःचं लायसन्सचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवत होता, ते हातातून निसटलं, गोळी सुटली आणि त्याच्याच पायात घुसली. ना चोर, ना झटापट. बऱ्याच जुन्या बनावटीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट काडतुसावर टेकलेला असतो. ते घोड्यावर आपटलं की चाप न ओढताही उडू शकतं. म्हणून जुनी माणसं घोड्याखालचं काडतुसाचं घर रिकामं ठेवायची. नव्या बनावटीत मध्ये आडकाठी असते, पण आडकाठीच्या भरवशावर मी माझ्या मुलीच्या उशाशी भरलेलं हत्यार ठेवणार नाही. ठशाचं लॉकर मला नापसंत नाही, फक्त त्याचा सेल ऐन वेळी उतरतो, भिजलेलं बोट त्याला ओळखू येत नाही, आणि ते भिंतीत बोल्टने पक्कं केलं नसेल तर चोर अख्खं लॉकरच उचलून नेतो.

चोरीचं तर आणखीच वेगळं. घर फुटतं ते बहुतेक वेळा बंद असताना. तुमच्या लाइनीतलं कोपऱ्याचं घरसुद्धा माणसं गावाला गेलेली असतानाच फुटलं, हे तू आईला सांगितलंस, मला सांगायचं मात्र टाळलंस. तुम्ही मे महिन्यात साताऱ्याला येता, गणपतीत इकडे असता. त्या दिवसांत बंदूक कुठे राहणार? दर खेपेला बंदुकीच्या डीलरकडे सेफ कस्टडीत ठेवून पावती घ्यावी लागेल. नाही ठेवलीस आणि ती गेली, तर सोनं गेल्यासारखं रडून मोकळं होता येत नाही. ती पुढे कुठे कुणावर चालेल, आणि नंबर तुझ्या लायसन्सवरचा निघेल. 8 फेब्रुवारी 2024 ला बोरिवली-दहिसरकडे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकरांवर गोळ्या झाडल्या, ते पिस्तूल झाडणाऱ्याच्या नावावर नव्हतं, त्याच्या अंगरक्षकाच्या लायसन्सवरचं होतं, असं पोलिसांच्या तपासात आलं. मी आयुष्यभर गार्डची नोकरी केली म्हणून असेल, पण ती बातमी वाचून मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

निवडणुकांचं तर तुला लहानपणापासून माहीत आहे. आचारसंहिता लागली की पोलीस ठाण्यातून फोन, हत्यार जमा करा. नोकरीत होतो तोवर बँकेचा गार्ड म्हणून सूट मिळायची, आता मी साधा माणूस. 2024 मध्ये लोकसभा झाली, विधानसभा झाली, दोन्ही वेळा बंदूक पोलीस ठाण्यात जाऊन बसली. आता महापालिकेची लागली की पुन्हा तेच. त्या दिवसांत चोर काय प्रचाराला जातात?

समजा सगळं जुळून आलं आणि बंदूक भरून तुझ्या हातात आहे. समोर अंधारात कुणीतरी उभं आहे. ते कोण, हे तुला नक्की दिसतंय का? लाइट गेल्यावर विचारपूस करायला आलेला वॉचमन असेल, पाणी प्यायला उठलेला अर्णव असेल. बारा बोअरच्या एलजी काडतुसातले मोठे छर्रे खोलीतल्या खोलीत पसरत नाहीत, मूठभर जाग्यावर एकत्र बसतात, आणि तुमच्या फ्लश डोअरची फळी त्यांना अडवू शकत नाही. दाराच्या पलीकडे विहीणबाईंची खोली आहे.

कायद्याचं म्हणशील, तर स्वतःच्या बचावाचा हक्क आहेच. पूर्वी तो दंडविधानात होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44. सूर्यास्तानंतर घर फोडून शिरलेल्याविरुद्ध तो हक्क जीव घेण्यापर्यंत जाऊ शकतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, हे कलम 37 आहे, आणि गरज किती होती ते नंतर कोर्ट शांतपणे बसून ठरवतं. नुसती चोरी करून कंपाउंडवरून उडी टाकणाऱ्याच्या पाठीत गोळी घातलीस, तर फिर्यादी तू नसशील, आरोपी असशील. त्या गोळीनंतरचे दिवस तू अर्णवला घेऊन कसे काढशील, याचा मी जास्त विचार करतो.

एक गोष्ट लिहू की नको करत होतो. माझ्या सोबतच्या गार्ड लोकांत बंदुकीच्या ज्या वाईट गोष्टी कानावर आल्या, त्यांत चोर क्वचितच होता. दारू होती, भावाभावांची जमीन होती, डोक्यावरचं कर्ज होतं, एका घरात पोराचा दहावीचा निकाल होता. घरात बंदूक आली की घरातल्यांच्या वाईट दिवसांनाही ती सापडते. तू चार-चार महिने एकटी सगळं ओढतेस, हे आम्हाला दिसतं, तू बोलत नसलीस तरी. जड वाटलं तर आईला फोन कर, वेळ बघू नकोस.

देखभालीचंही सांगून टाकतो, नाहीतर म्हणशील अण्णांनी तेवढं लपवलं. पावसाळ्यात दर आठवड्याला नळीत पुल-थ्रू, म्हणजे नळी साफ करायची दोरी, फिरवून तेलाची चिंधी मारावी लागते. रेक्झिनच्या कव्हरात गुंडाळून ठेवली की आत दमट हवा कोंडून गंज धरतो. दुकानातून येऊन, स्वयंपाक, अभ्यास आवरून तू हे करशील?

तेव्हा मी ठरवलंय. बंदूक तुझ्या नावावर होणार नाही, दादाच्याही नाही. लायसन्सची मुदत संपायच्या आत ती डीलरकडे विकायला देतो आणि लायसन्स आयुक्तालयात परत करतो. मुंगेरची जुनी दुनळी, भाव काही फार येणार नाही. येतील ते पैसे तुझ्या मागच्या दाराला घाल. तिथे फळीचं दार आहे, त्याच्या बाहेर लोखंडी सेफ्टी डोअर बसवू. खिडक्यांना ग्रिल बाहेरून स्क्रूने धरलंय, ते काढून भिंतीत आतपर्यंत घातलेलं करून घेऊ. मागच्या पॅसेजला माणूस आला की पेटणारा दिवा, त्याला बॅटरी बॅकअप. तुझ्या बेडरूमच्या दाराला आतून दोन जाड कड्या. काही झालं तर अर्णवला आणि विहीणबाईंना आत घ्यायचं, कड्या लावायच्या आणि 112 लावायचा. म्हणून फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला ठेवायचा नाही, उशाशी ठेवायचा. विहीणबाईंची खोलीही तुझ्या शेजारी घेऊन टाक, आत्ता त्या फार लांब झोपतात. आणि सुनीलराव येईपर्यंत आम्ही दोघं तुमच्याकडे राहायला येतो. हॉलमध्ये झोपायची मला सवय आहे.

अर्णवला नेमबाजीची हौस असेल तर ती मारू नकोस. दादरला सावरकर स्मारकात रायफल रेंज आहे. नियमाने बारा वर्षांचा झाला की देखरेखीखाली सरावाला परवानगी मिळते. तेव्हा मीच त्याला घेऊन जाईन.

रविवारी दहाच्या सुमारास येतो. ग्रिलवाल्याला सोबत आणतोय माप घ्यायला. त्याच्याशी भावावरून घासाघीस करू नकोस, माझा जुना माणूस आहे, मी बोलून ठेवलंय.

विहीणबाईंना नमस्कार, अर्णवला आशीर्वाद.

तुझे,
अण्णा