नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र : इमारत महापालिकेची, मग गळके छत कुणाचे?

मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आमचे सार्वजनिक वाचनालय महापालिकेच्या एका जुन्या दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर आहे. जागा भाडेपट्ट्याने घेतलेली. शहराचे नाव मुद्दाम लिहीत नाही. तक्रार कुणा एका आयुक्तांविरुद्ध नाही, आणि हाच अनुभव सांगणारी मंडळी मला इतर शहरांतही भेटली आहेत.

जून लागला की आम्ही कपाटे भिंतीपासून हातभर पुढे ओढतो. स्लॅबमधून झिरपणारे पाणी नेमके संदर्भ विभागावर उतरते. दिवाळी अंकांचे जुने बांधीव खंड तिथेच असत. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांतले कितीतरी भिजले. गुळगुळीत कागदाची पाने एकदा एकमेकांना चिकटली की सुटत नाहीत. पंख्याखाली ठेवली, उन्हात वाळवली, शेवटी गठ्ठे बांधून ठेवले. रद्दीत द्यायला कुणाचा हात धजला नाही. आता गिलावा सुटून सळया दिसू लागल्या, म्हणून मुलांचा विभाग खालच्या व्हरांड्यात आणला आहे.

बांधकाम विभागाकडे अर्ज केला, तर उत्तर आले की जागा भाड्याने दिलेली आहे, मालमत्ता विभागाकडे जा. मालमत्ता विभागाने सांगितले, करारानुसार दुरुस्ती भाडेकरूची. ठीक आहे म्हणून आम्ही सभासदांकडून वर्गणी काढून गच्चीचे वॉटरप्रूफिंग करायचे ठरवले. तेव्हा कळवण्यात आले की परवानगीशिवाय इमारतीला हात लावता येणार नाही. परवानगी मागितली, तर कराराची मुदत संपली आहे, नूतनीकरण झाल्याशिवाय परवानगी नाही. नूतनीकरणाचा अर्ज आम्ही मुदत संपण्याआधीच दिला होता, त्याची पोच माझ्यापाशी आहे. भाडे मात्र दरमहा घेतले जाते.

त्या करारात ‘किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी’ एवढे एकच वाक्य आहे. किरकोळ म्हणजे काय, हे कुठेच नाही. नळ, खिडकीची काच, आतला रंग हे आमचे काम, आणि ते आम्ही वर्षानुवर्षे करत आलो. पण स्लॅब किरकोळ कसा होईल?

साहेब, खासगी घरमालकाने जागा सुस्थितीत ठेवलीच पाहिजे, असे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम १४ सांगते. त्याच कायद्याच्या कलम ३ ने सरकारच्या आणि स्थानिक संस्थांच्या जागा मात्र वगळल्या आहेत. गल्लीतल्या वाड्याच्या मालकावर जे बंधन आहे, ते महापालिकेवर नाही. उरतो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम. मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने नोटीस मिळूनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोय त्यात आहे. पण मालकाने कोणती दुरुस्ती करायची हे करारात लिहिलेच नसेल, तर ही सोय वापरायची कशी? महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ मध्ये ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी ‘मालक किंवा भोगवटादार’ यांनी करून घ्यायची आहे. त्या ‘किंवा’मुळे आमच्या इमारतीची तपासणी आजवर झालेली नाही. दोघेही एकमेकांकडे बघत बसले, आणि त्या दोघांत आम्हीही आहोत हे मी कबूल करते.

१४ मार्च २०१९ रोजी मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला, माणसे गेली, आणि त्या संध्याकाळी आधी चर्चा सुरू झाली ती पूल रेल्वेचा की महापालिकेचा याची. असा प्रश्न दुर्घटनेच्या आधी सुटायला हवा.

म्हणून मागणी एवढीच आहे. पाया, खांब, स्लॅब, गच्ची, बाहेरच्या भिंती आणि मुख्य वीजवाहिनी यांची जबाबदारी महापालिकेची, आतली देखभाल भाडेकरूची, अशी स्पष्ट विभागणी राज्यभराच्या भाडेपट्ट्यांसाठी शासनाने नियमानेच ठरवून द्यावी. भाड्याने दिलेल्या जुन्या सार्वजनिक इमारतींची तपासणी मालक म्हणून पालिकेनेच करावी आणि अहवाल इमारतीच्या दारावर लावावा. या भाड्यातला ठरावीक हिस्सा त्याच इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळा ठेवावा. वाचनालय, व्यायामशाळा, बालवाडी चालवणाऱ्या संस्था नफ्यासाठी जागा घेत नाहीत. आमचे अनुदान कर्मचाऱ्यांच्या पगारात आणि ग्रंथखरेदीत संपते, त्यातून स्लॅब होत नाही.

नियम बदलायला वेळ लागतो, हे मला समजते. तोवर एक आदेश आजच निघू शकतो : नूतनीकरणाचा अर्ज पालिकेकडेच पडून असेल, तर त्या कारणावरून पावसाळ्यापूर्वीची दुरुस्ती कुणीही अडवू नये. वर्गणीची रक्कम आमच्या खात्यात तशीच आहे. परवानगी मिळाली, तर दुसऱ्या दिवशी कामाला लावू.

आपली,
एका सार्वजनिक वाचनालयाची कार्यवाह