आपत्कालीन विभागातील संसर्ग आणि न बदललेले हातमोजे

मा. संपादक,
स. न.

आपत्कालीन विभागातील संसर्गाचे सारे खापर नातेवाइकांच्या गर्दीवर फोडणारा लेख कालच्या अंकात वाचला. एका रुग्णाबरोबर एकच नातेवाईक हा नियम योग्य आहे आणि तो पाळला गेलाच पाहिजे, याबद्दल माझा वाद नाही. मात्र एवढ्या मोठ्या लेखात रुग्णाला प्रत्यक्ष स्पर्श करणाऱ्या हातांविषयी एक वाक्यही नसावे, याचा मनस्वी संताप आला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

गेल्या पावसाळ्यात माझी आई घरात चक्कर येऊन पडली, तेव्हा तिला रात्री एका मोठ्या खासगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नेले. शेजारच्या खाटेवर दुचाकीवरून घसरलेला एक तरुण होता. त्याच्या गुडघ्याची जखम साफ करणाऱ्या ब्रदरने (पुरुष परिचारकाने) त्याच हातमोज्यांनी मधला पडदा सरकवला, खिशात वाजणारा फोन काढून बंद केला, केसपेपरवर काही नोंद केली आणि तसाच येऊन तो आईच्या मनगटाजवळची शीर चाचपू लागला. मी हातमोजे बदलण्याची विनंती केली, तेव्हा ‘‘काका, ग्लोव्ह्ज घातलेत ना, काळजी करू नका,’’ असे उत्तर मिळाले. तो उद्धटपणे बोलला नाही. त्याला ते मनापासून खरे वाटत होते आणि मला भीती वाटली ती त्याचीच. रुग्ण बदलला तरी हातमोजे तेच राहिले, तर घालणाऱ्याचा हात सुरक्षित राहतो आणि एकाच्या जखमेतले जंतू दुसऱ्याच्या शिरेपर्यंत पोहोचतात, हे त्याला कोणी शिकवलेच नव्हते. स्पिरिटच्या बोळ्याने जागा पुसून झाल्यावर त्याने पुन्हा त्याच जागी बोट टेकवून शीर शोधली आणि इंट्राकॅथ, म्हणजे सलाइन-इंजेक्शनसाठी शिरेत ठेवायची सुई, लावले.

पुढे वॉर्डात त्या जागेभोवती लाली आली, हात कोपरापर्यंत सुजला, शीर दोरीसारखी टणक लागू लागली आणि आईला हुडहुडी भरून ताप आला. वॉर्डातील सिस्टरनी चिकटपट्टी उचलून पाहिली, तर तिच्यावर सुई लावल्याची तारीख आणि वेळ लिहिलेलीच नव्हती. कॅज्युअल्टीत घाईने लावलेली सुई वॉर्डात आल्यावर लवकर बदलायला हवी होती, असे त्यांनीच सांगितले. निर्जंतुक पद्धत पाळली गेल्याची खात्री नसेल, तर अशी सुई शक्य तितक्या लवकर आणि ४८ तासांच्या आत बदलावी, असे अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राचे मार्गदर्शन आहे, हे मला नंतर वाचनातून कळले. चक्कर येऊन दाखल झालेल्या माझ्या आईला अँटिबायोटिकची इंजेक्शने घ्यावी लागली ती या हातासाठी.

हात केव्हा स्वच्छ करायचे, याचे पाच प्रसंग जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच ठरवून दिले आहेत आणि रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वीचा क्षण त्यांत पहिला आहे. अल्कोहोलयुक्त द्रवाने हात चोळायला २० ते ३० सेकंद लागतात. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची संसर्ग प्रतिबंधाची मार्गदर्शक तत्त्वे जानेवारी २०२० पासून उपलब्ध आहेत. त्या रात्री मात्र हँडरबची एकच बाटली नर्सिंग काउंटरवर होती, खाटांपाशी एकही नव्हती. एकाच वेळी अनेक रुग्णांमागे धावणारा ब्रदर प्रत्येक वेळी काउंटरपर्यंत जाईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याच्यावर माझा राग नाही. बाटली खाटेपाशी न ठेवणारे, रात्रपाळीला पुरेशी माणसे न नेमणारे आणि नेमलेल्यांना प्रशिक्षण न देणारे व्यवस्थापन याला जबाबदार आहे, आणि आपल्या लेखाने नेमके त्यालाच मोकळे सोडले आहे.

बाहेरच्या बाकांवर एक गृहस्थ सारखे खोकत बसले होते. त्यांना मास्क देण्याचे किंवा वेगळे बसवण्याचे कोणाला सुचले नाही, आणि वातानुकूलनामुळे खिडक्या बंद होत्या. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा ज्या देशात आहे, तेथे कोरोनाच्या काळात दारातच मास्क देण्याची लागलेली सवय इतक्या लवकर मोडावी, हे मला अक्षम्य वाटते.

आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. आईच्या बिलात हातमोज्यांच्या अनेक जोड्यांचे पैसे कॅज्युअल्टीच्या नावाखाली लावलेले होते. जे बदललेच नाहीत त्यांचे पैसे कसले, असे मी लेखी विचारले. अर्जाची पोच मिळाली. उत्तर आजतागायत आलेले नाही.

आपल्या वार्ताहरांनी यापुढे या विषयावर लिहिताना रुग्णालयांना एवढे तरी विचारावे, ही विनंती: आपत्कालीन विभागात प्रत्येक खाटेपाशी हँडरब आहे का, कर्मचारी तो वापरतात की नाही हे कोण तपासते, आणि त्या तपासणीचे निकाल रुग्णांना दिसतील असे लावले जातात का? जी रुग्णालये उत्तर देणार नाहीत, त्यांची नावेही छापावीत.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर